चाळीस मिनिटांचा पाव

पाचव्यांदा मुलाखतीला गेले, तोवर गेटवरचा वॉचमन मला ओळखायला लागला होता. सहीसाठी वही पुढे करत त्याने विचारलं, "ताई, अजून चालूच का तुमचं?" मी काय सांगणार, कप्पाळ.

मी पाव करणारी. एकोणीस वर्षं एका बेकरीत भट्टीपुढे काढली. ती बंद पडली आणि नेमकी या मोठ्या हॉटेलात जागा निघाली. घरात कमावती मी एकटी, लेक अजून शिकतेय. ही नोकरी मला हवीच होती. पहिल्या फेरीत शाळेचा दाखला मागितला. दुसरीत कॉम्प्युटरवर साठ प्रश्न, त्यात एक असा की तुम्ही स्वतःला सिंह समजता की मुंगी. तिसरी फोनवर झाली. चौथीला तीन तास ताटकळत ठेवून साहेब आज नाहीत म्हणाले. एवढ्या सगळ्यात माझ्या हाताला कुणी पीठ लागू दिलं नव्हतं.

या वेळी मात्र थेट स्वयंपाकघरात नेलं. भरती बघणारा साहेब माझ्या लेकीहून जेमतेम चार वर्षांनी मोठा. घड्याळ लावून म्हणाला, चाळीस मिनिटांत पाव करून दाखवा. मला वाटलं चेष्टा करतोय. पीठ फुगायलाच दोन तास लागतात. शेजारचा उमेदवार चलाख निघाला. त्याने यीस्टचा डबाच पिठात उपडा केला आणि वेळेत पाव बाहेर काढला. वरून टम्म, आतून आंबूस वास. साहेबाने त्याची पाठ थोपटली.

माझं पीठ ओल्या फडक्याखाली निवांत पडलं होतं. वेळ संपली तेव्हा मी सांगितलं, अजून दीड तास. साहेब हसला, नियम ऐकवला आणि निघून गेला. मी स्टुलावर बसून राहिले. तिथला म्हातारा मुख्य बेकर सगळं बघत होता, पण त्याने मला उठवलं नाही.

पाव निघाला तसा म्हाताऱ्याने तुकडा मोडला, हुंगला, उभ्या उभ्या खाल्ला आणि जाऊन साहेबाला बोलावून आणलं. साहेबाने चव घेतली आणि न विचारता दुसरा तुकडा उचलला.

"उद्या परत या," तो म्हणाला. "फक्त यीस्ट जरा सढळ हाताने घाला, वेळेत बसवा. नोकरी तुमचीच."

लेक डोळ्यांपुढे आली. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"वेळेत बसवलेला पाव तुम्हाला मघाशीच मिळालाय, साहेब," मी म्हणाले. "तो करणाऱ्यालाच ठेवा. माझ्या हातून तसला निघायचा नाही."

म्हाताऱ्याने उरलेला पाव स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. मग दारापर्यंत सोडायला आला. लेकीला काय सांगायचं याची धाकधूक होती, नाही कशाला म्हणू. पण हॉटेलच्या जिन्यावरून मी ताठ मानेने उतरले, आणि असं कितीतरी महिन्यांत उतरले नव्हते.

गेटवर वॉचमनने बाहेर पडायची वेळ लिहिली. मी फडकं सोडून त्याला एक तुकडा दिला. तो खाताना वहीकडे बघत म्हणाला, "नऊ ते सव्वाबारा. बराच वेळ घेतला त्यांनी तुमचा."

"त्यांनी नाही, पावाने," मी म्हटलं. "त्याला तेवढा लागतोच."