मास्तरीण ज्या दुपारी गेली

मी एक जुने खुराडे आहे, मित्रांनो. पण जन्मापासून नाही. आधी मी कपड्यांचे कपाट होते. माझ्या दाराचे बिजागर तुटले, पाठीला बाक आला आणि घरातल्यांनी मला भंगारात द्यायचे ठरवले. तेव्हा सुतारमामा मध्ये पडले.

"अगं ताई, लाकूड अजून खणखणीत आहे. याचं मी काहीतरी करतो," असे म्हणून त्यांनी मला मागच्या अंगणात आडवे पाडले. करवतीने कापले, रंध्याने तासले, वर उतरते छप्पर घातले, आत बसायला दांड्या लावल्या. अंडी घालायला एका कोपऱ्यात वाळल्या गवताचा कप्पा केला. जिथे कोट लटकायचे तिथे कोंबड्या बसू लागल्या. खरे सांगते, मला कोंबड्याच जास्त आवडल्या. कोट कधी बोलत नाहीत.

त्या घरात तिघे जण. बाबा शिंपी, पुढच्या खोलीत त्यांचे शिलाई मशीन दिवसभर खडखडत असे. आई दवाखान्यात परिचारिका. आणि त्यांची मुलगी भिंगरी. एका जागी ठरत नसे, म्हणून तिचे हे नाव पडलेले. सुतारमामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ.

माझ्याकडे चार कोंबड्या होत्या. भुरी, काळी, तुरेवाली आणि मास्तरीण. मास्तरीण पांढरीशुभ्र, मान ताठ, चालणे असे की जणू वर्गात तपासणीला निघाली आहे. दांडीवर कोणी ढकलाढकली केली की तिची एक टोच बसे आणि सगळ्या गप्प. कधीकधी ती सरळ पुढच्या खोलीत जाऊन बाबांनी पसरलेल्या कापडावर उभी राही. "अहो बाई, गिऱ्हाइकाचा कोट आहे तो! उतरा खाली," असे बाबा हात जोडून म्हणत, तेव्हा भिंगरी पोट धरून हसे.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. कपडे शिवायला आलेली माणसेसुद्धा मला बघायला मागे येत. "कपाटाचं नशीब उघडलं," असे कोणीतरी म्हणाले आणि मी आतल्या आत फुलून गेले.

मग सुतारमामांना दूरच्या गावी काम मिळाले. माझा रंग उडाला. माझ्या शेजारचा अंगणातला नळ गळू लागला आणि त्याचे पाणी रोज माझ्या मागच्या फळीवर उडू लागले. मित्रांनो, लाकडाला पाण्याचे दुखणे हळूहळू लागते. वरून काही दिसत नाही.

भिंगरीला मात्र दिसले. एकदा चेंडू शोधताना तिचे बोट माझ्या फळीत रुतले.

"बाबा, खुराड्याची फळी मऊ झालीय."

"रविवारी बघतो हं," बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले.

रविवार आला आणि गेला. तिने पुन्हा सांगितले. पुन्हा रविवार ठरला.

त्या सुमारास मास्तरीण खुडूक झाली. कप्प्यातल्या अंड्यांवर बसली ती उठेचना. दाणे टिपायला क्षणभर बाहेर जाई आणि लगबगीने परत येई. तिच्या पोटाची ऊब माझ्या तळाच्या फळ्यांपर्यंत पोचत असे.

एका दुपारी आई कामावर होती, भिंगरी शाळेत आणि बाबा मशीनवर. बाकीच्या कोंबड्या अंगणात माती उकरत होत्या. मागच्या झुडपातून एक मुंगूस आले. त्याने माझी फळी हुंगली आणि नख मारले. भिजलेल्या पावासारखी ती फळी निघत गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

पुढचे दार उघडे होते. मास्तरणीला पळता आले असते. ती उठली नाही. तिने पंख पसरले, अंडी झाकली आणि चोच उगारली.

अंगणातल्या कोंबड्यांनी एकच कालवा केला. मशीनच्या खडखडाटात बाबांना तो उशिरा ऐकू आला. ते लाकडी पट्टी घेऊन धावत आले, माझ्या छपरावर दणादण आपटू लागले, तसे मुंगूस आले त्या वाटेने निसटले. पण मास्तरीण गेली होती. अंडीही फुटली होती. बाबा तिला मांडीवर घेऊन माझ्याजवळ मातीत बसून राहिले. मोजायची टेप तशीच गळ्यात लटकत होती.

भिंगरी शाळेतून आली. "कुठून आलं मुंगूस?" तिने विचारले. बाबांनी माझ्या मागच्या बाजूकडे बोट केले. ती माझ्यामागे गेली, भोक पाहिले आणि परत आली.

"मी तुला सांगितलं होतं, बाबा."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. इतक्या हळू बोलली की बाबांना मान वर करता आली नाही.

संध्याकाळी एकही कोंबडी माझ्यात शिरेना. शेवटी त्यांना टोपलीखाली झाकून स्वयंपाकघरात ठेवले. शेजारचे पेन्शनर काका कुंपणावरून म्हणाले, "मटणाच्या तुकड्यात विष घालून ठेवा. काम तमाम!"

"नको हो, काका," आई म्हणाली. "मुंगूस कोण अन् तुमचं मांजर कोण, हे विषाला काय कळतंय? त्याला भूक लागली की ते येणारच. आपलं घर आपण नीट बंद करू."

दुसऱ्या दिवशी बाबांनी मशीनवर झाकण घातले. मामांची करवत बाहेर काढली. भिंगरी पायरीवर गाल फुगवून बसली होती.

"भिंगरी, खरं सांगू? मला करवतीची भीती वाटते. मामा येईल, तो करेल, म्हणून मी ढकलत राहिलो. सांगायची लाज वाटली गं."

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग उठली.

"फळी मी धरते."

"माझा हात हलला तर ओरड."

"ओरडीन. तशीपण ओरडणारच आहे."

बाबांनी वेडीवाकडी का होईना, नवी फळी कापून बसवली. बारीक जाळी आणून ती तारेने माझ्या अंगाला टाका घालावा तशी शिवली. ते काम त्यांना फक्कड येत होते. खाली माती उकरून चारी बाजूंनी जाळी पुरली. दाराला भक्कम कडी लावली, झुडपे तोडली, नळ दुरुस्त करून घेतला. भिंगरी प्रत्येक फटीत करंगळी घालून बघे आणि म्हणे, "इथे जातेय." मग बाबा पुन्हा खाली बसत.

तरी कोंबड्या येईनात. भुरी दारापर्यंत येई आणि मागे सरे. मग भिंगरी गुडघे पोटाशी घेऊन स्वतःच माझ्यात शिरली. "या गं, मी आहे आत."

"अगं, अडकलीस तर?" बाबा म्हणाले.

"मग काप आणि काढ बाहेर. आता येतं तुला."

बाबा हसले. आदल्या दुपारपासून पहिल्यांदाच. भुरीने एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि ती भिंगरीच्या मांडीला टेकून बसली. मागोमाग काळी आली, तुरेवाली आली. दांडीवरची दाराजवळची मास्तरणीची जागा मात्र कितीतरी दिवस कोणी घेतली नाही. मला ती रिकामी जागा भरल्या जागांपेक्षा जड वाटे.

मित्रांनो, तुमच्या घरी कोंबड्या असतील, ससे असतील, नाहीतर एखादे वासरू असेल. त्यांना स्वतःच्या दाराची कडी लावता येत नाही. ती तुम्ही लावा, रोज लावा, लावल्यावर एकदा ओढून बघा, आणि मागची फळीही दाबून बघा. मला तर तोंडच नाही. कोंबड्यांना ओरडता येते, पण त्या ओरडतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून कोणी ओरडायची वाट बघू नका. आधीच या.