करंजेलाचा डबा

कापूरहोळच्या फाट्यावर भोरची कोळशावर चालणारी उतारूंची गाडी पुन्हा बंद पडली. पंधरवड्यात चौथ्यांदा. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मालकानं गाडीच्या पाठीला लोखंडी भट्टी बांधली होती. कोळशाच्या धुरावर इंजिन चालायचं. पण कोळसा अर्धाकच्चा. धुरातून डांबर यायचं आणि इंजिनाच्या झडपा चिकटून बसायच्या. आज गाडी भोरला पोचली नाही तर उद्यापासून घरी बस, असं मालकानं ड्रायव्हर सोनबाला बजावलं होतं.

पुण्याहून आणलेला मेस्तरी आनंदराव कोपरापर्यंत काळा झाला होता. इंजिनात शिरण्यापूर्वी धूर धुवायच्या टाकीत आधी त्यानं पाणी भरलं. डांबर त्याला भीक घालीना. मग रॉकेल भरलं. ते धुराबरोबर इंजिनातच गेलं आणि असा बार उडाला की उतारू बाभळीखाली पळाले. आता स्वारी पुन्हा पाण्याची बादली घेऊन निघाली. सोनबाच्या मनात आलं, याचे बूट तेवढे शिकलेले आहेत.

"चिकाला पानी लावतुया," भागूबाई म्हणाली. वेल्ह्याच्या डोंगरातली ही म्हातारी धनगरीण करंजाच्या तेलाचा डबा मांडीशी घेऊन उतारूंत बसली होती. "फनस कापलायस का रं कधी?"

"म्हातारे, हे मेंढरू नाही. इंजिन आहे," आनंदराव म्हणाला.

"मेंढरू असतं तर कवाच उठलं असतं."

उतारू खिदळले. भागूबाईनं टाकीतलं डांबर बोटावर घेतलं, पाण्यात चोळलं. हललं नाही. मग करंजेल लावलं, पदराला पुसलं. बोट लख्ख!

"आता शिकल्या माणसानं तुझं ऐकायचं?"

"तुमी नका ऐकू, म्या ऐकतो," सोनबा म्हणाला. "पर आजी, त्येल काळं हुईल तुमचं."

"हूंदे. डांबराचं त्येल मेंढराच्या खरजंला लई गुणाचं. भोरला काढून दे म्हंजी झालं."

सोनबानं झडपा खरवडल्या, टाकीत तेल ओतलं. गाडी खोकली, थुंकली आणि जी निघाली ती भोरलाच थांबली.

"वा, आनंदराव! डोकं लढवलंत!" मालकानं विडा पुढं केला. "सोनबा, उद्या सकाळी गाडी तूच काढ."

आनंदराव नाही म्हणाला नाही. पण डांबरानं माखलेल्या हातानं विडा घेता येईना. तो हळूच भागूबाईकडं सरकला. "आजी, थोडं तेल..."

सोनबा टाकीतलं काळं तेल तिच्यासाठी बादलीत काढत होता; रिकाम्या डब्याच्या तळाशी स्वच्छ चार थेंब उरले होते. भागूबाईनं ते तळहातावर घेतले, खाली बसली आणि आपल्या टाचांच्या भेगांत सावकाश जिरवले.

"नीरा नदी भरून चाललीया," ती म्हणाली. "जा, धू."