शंभरातले पंच्याण्णव

अनसूयेने पुस्तक कपाटावरून खाली काढलं, तेव्हा त्यावरून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या ओघळल्या. तपकिरी कागदाचं वेष्टन, त्यावर सुतळी, आणि सुतळीच्या गाठीवर हळदकुंकू. एका दसऱ्याचं नव्हे, तीन दसऱ्यांचं.

“हे उघडलंच नाही का कोणी?” तिने विचारलं.

“उघडायचं कशाला?” पोपट कारकून म्हणाला. “आमचं पुस्तक चालतंबोलतं आहे. ते बघा, खिडकीशी सुपारी कातरतंय.”

खिडकीशी दत्तोपंत बसले होते. खोपोलीत शिळफाट्याजवळच्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात ते चौदा वर्षं रेकॉर्ड सांभाळत होते. रुग्ण घरी गेला की त्याचा केसपेपर त्यांच्या टेबलावर येई, आणि दत्तोपंत त्यावर लाल शाईने रोगाचा आकडा टाकत. हा आकडा म्हणजे कोड. जगातल्या प्रत्येक रोगाला एक कोड ठरलेला असतो आणि ते सगळे एका जाड पुस्तकात छापलेले असतात. दत्तोपंतांना मात्र पुस्तक लागत नसे. पाढे म्हणावेत तसे ते कोड म्हणत. मधुमेह दोनशे पन्नास, दमा चारशे त्र्याण्णव, हृदयविकाराचा झटका चारशे दहा. पाहुणे आले की ट्रस्टी अप्पासाहेब त्यांना मुद्दाम रेकॉर्डच्या खोलीत आणत आणि म्हणत, “विचारा, कुठलाही रोग विचारा.”

एवढं सगळं छान असताना मुंबईच्या विम्याच्या कचेरीतून पत्र आलं होतं. आसपासच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी राखलेल्या तीस खाटा या रुग्णालयात होत्या. कचेरीने लिहिलं होतं, ‘आपल्या केसपेपरांवरचे कोड विश्वासार्ह नाहीत. फेब्रुवारीत आमचा माणूस येऊन शंभर केसपेपर तपासेल. त्यांतले पंच्याण्णव बरोबर निघाले नाहीत, तर खाटांची मान्यता रद्द होईल.’

म्हणून अप्पासाहेबांनी हे काम बाहेर द्यायचं ठरवलं. मुंबईची एक कंपनी यायला तयार होती. पण कोणीतरी सांगितलं की कर्जतच्या चौबळ मास्तरांची बायको मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात सहा वर्षं हेच काम करत होती. मूल झालं तशी नोकरी सोडून घरी बसली आहे.

घरी बसली आहे. हे तीन शब्द अनसूयेने आठ महिन्यांत इतक्यांदा ऐकले होते, की कोणी तोंड उघडायच्या आत तिला ते ऐकू येत. छबीला सोडून मुंबईला जाणं तिला जमलं नव्हतं, आणि छबीला घेऊन ये म्हणणारं कोणी नव्हतं. अप्पासाहेबांनी तीन महिन्यांचा करार पुढे केला. कोड तपासायचे, माणसांना शिकवायचं, पंच्याण्णव झाले तर पुढचं वर्षभराचं काम तिचं, नाहीतर मुंबईच्या कंपनीचं. केसपेपर रुग्णालयाबाहेर न्यायचे नाहीत, ही अट होती. तेव्हा आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या गाडीने छबीला कडेवर घेऊन अनसूया कर्जतहून खोपोलीला येऊ लागली.

छबीची सोय सोनुबाईने केली. सोनुबाई वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. पाठ गेली म्हणून तिला रेकॉर्डच्या खोलीत केसपेपर लावायला बसवलं होतं. तिने एक जुनं लुगडं दोन लोखंडी मांडण्यांच्या मध्ये बांधलं आणि झोळी केली.

“इकडं एकोणीसशे ऐंशी, तिकडं एक्याऐंशी,” ती म्हणाली. “मधी आमची छबी. झोप गं बाय. तुज्या आयला लई कामं हायत.”

पहिल्या आठवड्यात अनसूयेने शंभर केसपेपर डोळे मिटून उचलले आणि तपासले. एकसष्ट बरोबर निघाले.

चुका दोनच प्रकारच्या होत्या. कोडांचं पुस्तक तीन वर्षांपूर्वी बदललं होतं. बरेच रोग होते तिथेच राहिले, पण काही उठून दुसरीकडे गेले. नवं पुस्तक रुग्णालयात वेळेवर आलं, त्याची पूजा झाली, आणि दत्तोपंत जुने कोड टाकत राहिले. दुसरी चूक केसपेपरच्या पहिल्या पानाची. रुग्ण येतो तेव्हा डॉक्टर पहिल्या पानावर अंदाज लिहितात. तपासण्या होतात, दिवस जातात, आणि खरा रोग शेवटच्या पानावर लिहिला जातो. ही मंडळी पहिलं पान वाचून कोड टाकून मोकळी होत.

तिने हे दत्तोपंतांना जमेल तितक्या हळुवार सांगितलं. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“बाई, तुमच्या वयाची माझी भाची आहे. तीही मला स्वयंपाक शिकवते.”

“मी शिकवत नाही. पुस्तकात काय आहे ते दाखवते.”

“पुस्तकं येतात नि जातात. आम्ही इथंच असतो.” आणि त्यांनी पुढचा केसपेपर ओढला.

मग अनसूयेने जे शिकतील त्यांना शिकवायचं ठरवलं. दुपारी जेवणं झाली की तासभर वर्ग भरे. विद्यार्थी दोन, पोपट आणि सोनुबाई. सोनुबाई सातवी पास, इंग्रजी अक्षरओळखीपुरतं. पण रोगांची इंग्रजी नावं तिने वीस वर्षं डॉक्टरांच्या तोंडून ऐकली होती. अनसूयेने तिला रोज पाच नावं लिहून दिली. ऐकलेलं नाव कागदावर असं दिसतं होय, म्हणून सोनुबाई त्याच्याकडे नव्या सुनेकडे पाहावं तसं निरखून बघे. महिन्याभरात ती डॉक्टरांचं अक्षर पोपटापेक्षा बरं लावू लागली.

पहिल्या आणि शेवटच्या पानाचं तर तिला एका झटक्यात कळलं. “म्हंजे बाई, सोयरीक करताना पोराबद्दल सांगत्यात ते येक, नि लगीन झाल्यावर निगतं ते येक.”

“माझ्या लग्नाचं काढू नका हां,” पोपट म्हणाला.

“तुजं पयलंच पान वाईट होतं रं. तरी दिली तुला पोरगी.”

मधूनच छबी झोळीत चुळबुळे. अनसूया तिला पदराखाली घेई आणि उरलेला वर्ग तसाच चाले. एक हात बाळाच्या पाठीवर, एक बोट पुस्तकातल्या ओळीवर. पोपट तेवढ्यापुरता खिडकीबाहेरच्या शेतातल्या भाताच्या उडव्या मोजी.

डिसेंबर संपताना तिने पुन्हा शंभर तपासले. सत्त्याऐंशी. त्यानंतर आकडा हलेना. कारण उघड होतं. निम्मे केसपेपर अजून दत्तोपंतांच्या लाल शाईतून जात होते, आणि राहिलेल्या तेरा चुकांतल्या अकरा त्यांच्या होत्या. अप्पासाहेबांकडे तक्रार करता आली असती. पण आपल्या शब्दाखातर एका म्हाताऱ्या माणसाचं टेबल हलवावं, हे तिला नको वाटत होतं. आणि वर्षभराचं काम तर तिला हवंच होतं. दोन्ही कसं जमायचं ते कळत नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी एक केसपेपर तिच्या हाती आला. नऊ दिवसांचं बाळ, धनुर्वात. वर लाल शाईत शून्य सदतीस.

“दत्तोपंत, याचा कोड बदललाय.”

“धनुर्वात म्हणजे सदतीस. बापजन्मी बदलायचा नाही.”

अनसूया वाद घालणार होती. मग तिच्या मनात वेगळंच आलं. कोडांप्रमाणे लावलेली कार्डांची पेटी दत्तोपंतांनी स्वतः केली होती, सुबक अक्षरात, एका कोडाला एक कार्ड. तिने सदतीसचं कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

“दोन वर्षांची नावं आहेत. मला यातली फक्त वयं वाचून दाखवाल?”

“वयं कशाला?”

“वाचा तर.”

दत्तोपंतांनी चष्मा लावला. “पंचेचाळीस वर्षं. हा खिळ्याचा. बावीस वर्षं. अकरा दिवस. छत्तीस वर्षं. नऊ दिवस. साठ वर्षं. सात दिवस.” त्यांचा आवाज मंदावला. “आठ दिवस. तीस वर्षं. दहा दिवस...”

एकोणीस नावांत सात तान्ही बाळं होती. खोलीत फक्त झोळीच्या दोरीची करकर चालू होती.

“गावं वाचू का?” त्यांनी स्वतःहून विचारलं, आणि वाचली. सातांतली पाच डोंगरावरच्या त्याच दोन वाड्यांतली होती.

“ती बुधीची लेक,” सोनुबाई मागून म्हणाली. “मीच घेतली व्हती हातात. दूदच वडीना. तिकडल्या बाया डोंगर उतरून सुई घ्यायला येत नायत, नि नर्स तिकडं जात नाय.”

“नव्या पुस्तकात बाळांचा धनुर्वात वेगळा काढलाय,” अनसूया म्हणाली. “सातशे एक्काहत्तर दशांश तीन. मोठ्यांच्यात मिसळू नये म्हणून.”

दत्तोपंतांनी कार्डावरच्या नावांवरून पुन्हा बोट नेलं. सगळी नावं त्यांच्याच हातची होती, एकही शाईचा डाग नाही. “वेगळं कार्ड असतं,” ते म्हणाले, “तर दुसऱ्या बाळालाच दिसलं असतं मला.”

अनसूया म्हणाली, “जुने कोड तुमच्याइतके इथे कोणालाच पाठ नाहीत. मलाही नाहीत. कुठला रोग कुठून उठून कुठे गेला, ही यादी तुम्हीच करू शकाल. पंधरा दिवसांत झाली तर आपण वाचू.”

“आठ दिवसांत करतो,” दत्तोपंत म्हणाले, आणि पुस्तक स्वतःच्या टेबलावर ओढून घेतलं.

संक्रांतीला तिळगूळ वाटताना ते अनसूयेला म्हणाले, “गोड बोला. एवढे दिवस तुम्ही बोललात, मीच नाही.” मग अप्पासाहेबांकडे गेले, ते कार्ड दाखवलं, आणि गाडी नि नर्स मिळाल्याशिवाय उठले नाहीत. दर मंगळवारी नर्स त्या वाड्यांवर जाऊन गरोदर बायांना धनुर्वाताची सुई टोचू लागली. बाया आधी लपत, म्हणून सोनुबाईलाही बरोबर नेत. ती एकेकीला नावानिशी हाक मारी. “ये गं भागी, तुजं पयलं बाळ मीच धरलं. मला भितीस व्हय?”

यादी आठव्या दिवशी भिंतीवर लागली. डावीकडे जुना कोड, उजवीकडे नवा, मध्ये दत्तोपंतांचं सुबक अक्षर. पोपट येताजाता तिला हात जोडी. जानेवारीच्या शेवटी अनसूयेने शंभर मोजले. चौऱ्याण्णव.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी कचेरीचा माणूस आला. पाटणकर नावाचे, कोरडे, बोलणं मोजकं. त्यांनी स्वतःच्या हाताने शंभर केसपेपर काढले आणि टेबलाशी बसले. बरोबर असेल तर खूण, चूक असेल तर फुली. अप्पासाहेब दारात उभे. अनसूया छबीला मांडीवर घेऊन बाकावर. छबीने तिची बांगडी तोंडात घातली होती आणि तिला ती काढून घ्यायचंही भान नव्हतं.

मध्येच पाटणकरांनी मान वर केली. “उच्च रक्तदाबाने हृदय वाढलेलं. काय कोड?”

दत्तोपंतांनी तोंड उघडलं. कोड ओठांवर आलेला सगळ्यांना दिसला. त्यांनी तो गिळला, पुस्तक ओढलं, पान शोधलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचला. पाटणकरांनी खूण केली.

चार वाजता त्यांनी पेन खाली ठेवलं. “सहा चुका. चौऱ्याण्णव.”

अप्पासाहेबांनी दाराची चौकट धरली. पोपट जमिनीकडे बघू लागला. अनसूयेला एकदम छबीचं वजन जाणवलं.

“सायेब,” सोनुबाई म्हणाली, “चुकलेली सा मला बगू द्याल?”

पाटणकरांनी तिच्या आयाच्या निळ्या काठाच्या पातळाकडे पाहिलं. “तुम्ही?”

“मीबी कोड टाकते.”

त्यांनी सहा केसपेपर सरकवले. सोनुबाईने एकेक उघडला, ओळीखालून बोट नेत. पाच तिने मुकाट्याने बाजूला ठेवले. सहाव्यापाशी थांबली.

“ह्यो माज्या हातचा हाय. मी मलेरिया घातला. तुमी टायफॉइड म्हनता.”

“समोर लिहिलंय टायफॉइड.”

“त्ये आला त्या दिवशीचं. म्होरं प्रश्नाची खूण हाय बगा.” तिने केसपेपर उलटा केला. रक्ताच्या तपासणीची चिठ्ठी शेवटच्या पानावर चिकटली होती. तिने ती नखाने अलगद उचलली. खाली डॉक्टरांच्या अक्षरात मलेरिया लिहिलं होतं. “ह्ये गेला त्या दिवशीचं.”

पाटणकरांनी वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग फुली खोडून तिथे खूण केली आणि शेजारी सही केली.

“पंच्याण्णव,” ते म्हणाले. “आणि बाई, पहिलं पान वाचून मी तुमचा कोड चुकीचा ठरवला, तेही अहवालात लिहितो.”

“लिवा,” सोनुबाई म्हणाली. “आमीबी तसंच करीत व्हतो.”

दत्तोपंत हसू लागले आणि त्यांना थांबता येईना. पोपट चहा सांगायला धावला तो चहावाल्यालाच खांद्याला धरून घेऊन आला. अनसूयेने छबीला उंच उचललं. पोर आईच्या तोंडाकडे बघून खिदळली, आणि अनसूयेचे डोळे भरून आले ते तिने लपवले नाहीत.

एप्रिलपर्यंत सातशे एक्काहत्तर दशांश तीनच्या नव्या कार्डावर संक्रांतीच्या त्या बाळाखाली एकच नाव चढलं. तेही बाळ लवकर आणलं म्हणून वाचलं.

तोवर रसायनीच्या आणि कर्जतच्या एकेका रुग्णालयाने अप्पासाहेबांकडे चौकशी केली होती, तुमच्या बाई आमच्याकडे येतील का म्हणून. वर्षभराचा करार टाइप होऊन आला तेव्हा अनसूयेने तो नीट वाचला आणि शेवटी स्वतःच्या हाताने दोन कलमं लिहिली. शिकवायला दत्तोपंत आणि सोनुबाई बरोबर असतील. आणि कामाच्या खोलीत मुलीची झोळी बांधायला जागा द्यावी लागेल.

अप्पासाहेबांनी दुसरं कलम दोनदा वाचलं. “असं करारात लिहितात?”

“मी लिहिते,” अनसूया म्हणाली, आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी सही केली.