थॅडियस पेटिग्रूचा शेवटचा वर्ग

या मित्रांनो, जरा सरकून बसा. माझ्या पोटाला टेकून बसलात तरी चालेल. माझा आवाज मुळातच खालचा, मागच्यांपर्यंत पोचत नाही. आज तुम्हाला एका शिक्षकाची कथा सांगतो. ती सांगणं सोपं नाही, पण मनात ठेवून उभं राहणं मला त्याहून जड जातं.

मी एक जुना डबल बेस आहे. उभा केला तर मोठ्या माणसाहून उंच, पोटाने सुटलेला, चार जाड तारांचा. गज फिरवला तर मी घुमतो, पण माझं आयुष्य गेलं जॅझवाल्यांत, आणि ते मला बोटांनीच छेडत आले. आमच्या मेळ्यात लोक ट्रम्पेटवाल्याकडे बघतात, पियानोवाल्या बाईकडे बघतात. माझ्याकडे कोणी बघत नाही. मात्र मी थांबलो की सगळ्यांच्या पायाखालची जमीन सरकते.

एका म्हाताऱ्या जर्मन सुताराने मला जोडलं. पाठ मेपलच्या लाकडाची, छाती स्प्रूसच्या. आणि माझ्या पोटात, पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये, त्याने एक लहानशी काठी उभी केली. ती चिकटवलेली नसते, ठोकलेलीही नसते. वरून तारांचा ताण त्यांच्याखालच्या लाकडी घोडीला दाबतो, घोडी फळीला दाबते, त्या दाबावर ती उभी राहते. ती आहे म्हणून मला आवाज आहे. चारही तारा एकदम सैल केल्या तर काठी पडते आणि मी मुका होतो. म्हणून नव्या तारा चढवताना जुनी एक काढायची, नवी एक ताणायची, मग दुसरीला हात घालायचा. हे प्रत्येक बेसवाल्याला पहिल्याच दिवशी शिकवतात.

माझं पहिलं घर टोलेडो शहरातलं एक विटांचं चर्च. तिथे रेव्हरंड अमोस पेटिग्रू प्रवचन करत. प्रवचन कसलं, गाणंच ते. आधी ते शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलत. मग एखादा शब्द लांबवत. त्या शब्दाला सूर लागे, समोरच्या बाया "हो, रेव्हरंड" म्हणून हुंकार देत, आणि बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे लागलं ते कोणालाच सांगता येत नसे. देवाचं नाव असं गळ्यातून ओतलं जाताना ऐकण्याचं सुख मला पुढे मोठमोठ्या सभागृहांतही लाभलं नाही. त्या गाण्याच्या मागे मी असे, आणि मला धरून उभा असे रेव्हरंडांचा मुलगा थॅडियस. वडील कुठल्या शब्दावर चढतील, कुठे श्वास घेतील, हे कशावर लिहिलेलं नसे. कान देऊन ओळखायचं आणि ते पोचायच्या आधी तिथे सूर घेऊन हजर राहायचं. थॅडियसची सगळी विद्या ही एवढीच. पण ती सोपी नव्हे, मित्रांनो.

पुढे तो लष्कराच्या बँडमध्ये गेला, तिथून सुटल्यावर मला पाठीशी बांधून गावोगाव हिंडला. त्या फिरतीत विल्मा केन भेटली. तिच्यासारखा पियानो मी ऐकला नाही आणि तिच्यासारखी जीभही. रॅन्डल बोझ ड्रम वाजवायचा. आठवडाभर तो मोटारींच्या कारखान्यात दारं बसवी आणि शनिवारी आमच्यात येई. मग एकेक करत ती वाजवायची ठिकाणं बंद पडली. विल्माने चाळिशीत कॉलेजातल्या पोरांच्या शेजारी बसून पदवी मिळवली. थॅडियस शाळेची बस चालवू लागला आणि मी त्याच्या दिवाणखान्यात कपाटामागे धूळ खात उभा राहिलो. त्याची बायको लॉरेन कधीमधी फडकं मारायची, तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श.

विल्मा एका विद्यापीठात जॅझ विभागाची प्रमुख झाली आणि तिने पहिलं काम काय केलं, तर थॅडियस आणि रॅन्डल या दोघांना बोलावून घेतलं.

"मला काय शिकवता येतं?" थॅडियस म्हणाला. "माझ्याकडे ना पदवी, ना टाय."

"टाय मी देते," विल्मा म्हणाली. "पदवी कुठली विचारलं तर सांग, बसच्या पुढच्या सीटवर बसून घेतली."

आणि काय सांगू, त्याने शिकवलं. पोरं कागद मांडून बसली की तो म्हणायचा, "पोरांनो, कागद पालथा घाला. आधी ऐका. शेजारचा कुठे निघालाय ते कळलं तरच तुम्ही त्याच्याबरोबर जाल." शेकडो गाणी त्याला तोंडपाठ होती आणि ती सगळी त्याने कानातून कानात घातली. लांबलांबून मुलं यायची. मला दररोज पुसलं जाई. लॉरेन देवाघरी गेली, घर ओकंबोकं झालं, तेव्हा तो सुट्टीच्या दिवशीही वर्गात येऊन बसू लागला. दूर टोलेडोला राहणारी एक बहीण सोडली तर या वर्गाखेरीज त्याला आता कोणी नव्हतं.

आता आमच्या लोकांची एक रीत ऐका. वाजवताना कोणी वाट चुकला, कुठल्या ओळीवर आहोत ते विसरला, तर कोणी थांबत नाही, कोणी त्याच्याकडे बघतही नाही. ड्रमवाला समेवर जरा ठळक ठोका देतो, पियानो पुढचा सूर आधीच दाखवतो, आणि चुकलेला गुपचूप परत घरी येतो. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. यासारखी प्रेमळ रीत मी कुठे पाहिली नाही, आणि याच रीतीने आमचा घात केला.

कारण थॅडियस विसरू लागला होता. मला ते सर्वांआधी कळलं, त्याची बोटं माझ्या गळ्यावर होती ना. एखाद्या गाण्याचा अंतरा आला की बोटं जागच्या जागी घुटमळत, अंधारात जिना चाचपडावा तशी. पण लगेच विल्मा सूर दाखवी, रॅन्डल ठोका देई, आणि केझाया नावाची त्याची विद्यार्थिनी दुसऱ्या बेसवर नेमकी ओळ जराशी मोठ्याने वाजवी. थॅडियस घरी येई. प्रत्येकाला वाटे, आज आपण सरांना एवढंसं सावरलं, म्हाताऱ्या माणसाचं व्हायचंच. बाकीचेही रोज सावरतायत, हे एकालाही ठाऊक नव्हतं. थॅडियसलाही आपण किती दूर गेलोय ते कळेना, कारण त्याला कोणी हरवूच दिलं नाही.

त्या वर्षी विद्यापीठात नवे अधिष्ठाते आले. पदवी नसलेल्या माणसाला दरवर्षी नव्याने नेमत राहणं त्यांना पटेना. विल्मा त्यांच्याशी भांडली आणि एक संधी मिळवून आली. थॅडियसने बाहेरच्या परीक्षकांसमोर एक खुला वर्ग घ्यायचा. त्यांना पसंत पडला तर तो कायमचा. नाहीतर पुढच्या सत्रापासून त्याची खोली दुसऱ्याला.

त्या दिवशी सकाळी थॅडियस एकटाच वर्गात आला. आज चांगलं वाजायला हवं म्हणून त्याने नव्या तारा आणल्या होत्या. एक खुंटी फिरवून तार काढली. मग दुसरी. मला वाटलं, आता थांबेल. त्याने तिसरी फिरवली. मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. चौथी तार सैल पडली, घोडी घसरून खाली आली आणि माझ्या पोटात ती काठी खट्‌ करून कोलमडली.

केझाया दार उघडून आत आली तेव्हा तो चार तारा हातात घेऊन उभा होता.

"कोणी केलं हे?" त्याने विचारलं. "कुठल्या गाढवाने चारही तारा काढल्या?"

केझाया त्याच्या हाताकडे बघू लागली.

"बोल ना. मी पहिल्या दिवशी काय शिकवतो?"

"सर," ती अगदी हळू म्हणाली, "तारा तुमच्याच हातात आहेत."

त्याने हाताकडे पाहिलं. मग तो खुर्चीत असा बसला की परत उठेलसं वाटेना.

केझायाने विल्माला आणि रॅन्डलला बोलावून आणलं. दाराशी उभं राहून ती रडवेल्या आवाजात सांगू लागली, "मॅडम, सर बरेच दिवस अंतऱ्याला हरवतात. मीच त्यांना ओळ दाखवते. मी सांगायला हवं होतं."

"तू दाखवतेस?" विल्मा म्हणाली. "मला वाटत होतं मी दाखवते."

रॅन्डलने टोपी काढली. "आणि मी इकडे समेवर घण घालतोय. मला वाटलं, तुम्हाला कोणाला कळलंच नाही."

तीन जणांनी रोज उचललेला माणूस किती जड झाला होता, ते त्यांना तेव्हा उमगलं.

विल्मा थॅडियसच्या शेजारी बसली. "थॅड, तुला बरं नाही असं कळवते. वर्ग पुढे ढकलू. आधी डॉक्टरकडे जाऊ."

"पुढे म्हणजे कुठे, विल्मा? पुढे मी आणखी कमी होणार." त्याने तिचं मनगट धरलं. "मला घरी पाठवू नका. घरी भिंतींशी काय बोलू? आजच्या दिवस मला धरा. तुम्ही आहात ना. एवढा एक वर्ग पार करा."

असं मागणं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. विल्माला नाही म्हणवेना.

"ऊठ मग," रॅन्डल म्हणाला. "चाक निखळलेली गाडी मी तीन चाकांवर फाटकाबाहेर काढलीय. तू तर नुसता बेसवाला."

दुरुस्तीवाला दूरच्या शहरात. मला भिंतीशी आडवं निजवलं आणि थॅडियसने विद्यापीठाचा बेस घेतला. दुपारी परीक्षक आले, मुलं बसली, वर्ग सुरू झाला.

सुरुवात काय सुंदर झाली. थॅडियसने वडिलांच्या प्रवचनाची गोष्ट सांगितली, एक ओळ स्वतः गाऊन दाखवली, आणि वर्ग हुंकार देऊ लागला. मी मुका पडल्या पडल्या प्रभूचा धावा करत होतो, एवढं पार पडू दे म्हणून. गाणं लागलं. पहिल्या अंतऱ्याला तो हरवला, विल्माने आणला. दुसऱ्याला हरवला, रॅन्डलने आणला. परीक्षक पायाने ताल धरून मजेत डोलत होते. त्यांना काही कळलं नव्हतं. आणखी थोडं, आणि तो कायमचा झाला असता.

तेवढ्यात एकटीने वाजवायची केझायाची पाळी आली. तिने सुंदर उठाव केला. पण तिचं अर्धं चित्त सरांकडे, ते पुन्हा चुकले की काय याकडे. त्या नादात ती स्वतःच वाट चुकली. तिने मान वर करून आपल्या शिक्षकाकडे पाहिलं. अशा वेळी तोच तिला नेहमी घरी आणायचा. त्याने काही दाखवलं नाही. दाखवण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं. विल्मा आणि रॅन्डल दोघंही त्याला धरण्यात गुंतली होती, पोरीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. ती अडखळली, पुन्हा अडखळली, आणि सगळ्या वर्गासमोर तिचे हात थांबले. लाल तोंडाने ती खाली बघत राहिली.

थॅडियसने आपला हात तारांवर आडवा ठेवला. सगळं वाजणं बंद पडलं. इतक्या वर्षांत त्याने चालतं गाणं कधी मोडलं नव्हतं.

"हिची चूक नाही," तो परीक्षकांना म्हणाला. "मी वाट चुकलोय. आज नाही, बरेच दिवस. ही माणसं मला रोज घरी आणतात, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही. पण मला धरता धरता या मुलीला धरायला कोणी उरलं नाही. तिला धरणं माझं काम होतं."

विल्मा म्हणाली, "थॅड, बस खाली."

"विल्मा, आपण कुठलं गाणं वाजवत होतो?" त्याने विचारलं. तो खरंच विचारत होता.

विल्माने पियानोचं झाकण लावलं.

पुढे सांगण्यासारखं थोडं आहे. ती खोली दुसऱ्याला मिळाली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतंत तर थोडा काळ तरी हातात राहिला असता. थॅडियसला त्याच्या बहिणीने टोलेडोला नेलं. दुरुस्तीवाल्याने माझ्या पोटातली काठी पुन्हा उभी केली आणि विल्माने मला केझायाच्या हाती दिलं. आता ती शिकवते, मी तिच्या वर्गात उभा असतो. माझा आवाज परत आला, पण तो ऐकून मला आनंद होत नाही.

मागच्या ईस्टरला केझाया मला त्याच्या भेटीला घेऊन गेली. तो खिडकीशी बसला होता. त्याने माझ्या पोटावरून हात फिरवला आणि सभ्यपणे विचारलं, "छान आहे हो, बाई. कोणाचा हा?"

"माझ्या सरांचा," केझाया म्हणाली.

"चांगला माणूस असणार," तो म्हणाला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला.

मित्रांनो, वस्तूंना जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी माणसांचं सांगतो. तुमच्या घरातलं, शाळेतलं कोणी वाट चुकताना दिसलं तर त्याला सावरा, जरूर सावरा, पण मग त्याचा हात धरून विचारा, तुम्हाला काय होतंय. आणि ते दुसऱ्या कोणाला तरी सांगा. प्रेमापोटी गप्प राहू नका.

संध्याकाळी हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांबरोबर एक नाव माझ्यासाठी घ्या. थॅडियस पेटिग्रू. ते नाव आता त्याला स्वतःला आठवत नाही. तुम्ही तेवढं लक्षात ठेवा.