दिवा मोठा झाला

ज्याचे पोट शेऱ्यावर अवलंबून, त्याची झोप साहेबाच्या पायताणात असते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरांच्या कडेला असलेल्या एका गावात जोसेफ मास्तर तीन वर्षे शिकवीत होते. तथापि ते नुसते फायनल पास होते, ट्रेनिंग झालेले नव्हते. यास्तव नोकरी कच्ची होती. यंदा शाळा तपासायला येणाऱ्या डिपोटीसाहेबांचा शेरा चांगला पडला तर बोर्ड त्यांना ट्रेनिंगला धाडणार होते. वाईट पडला तर वडिलांच्या तेलाच्या घाण्याकडे परत जायचे, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. गावकरी मायेने त्यांना "आमचं तेली मास्तर" म्हणत. जोसेफ मास्तरही हसून म्हणत, "तेल्याचेच पोर मी. म्हणून तर दिव्याचा धडा मला बरा जमतो."

आणि डिपोटीसाहेब नेमका तोच धडा ऐकणार होते. शाळेत सामान्य विज्ञान हा विषय नवा आलेला. हवेवाचून दीप जळत नाही, हे मुलांस प्रत्यक्ष दाखवावे अशी वरून आज्ञा होती. मास्तरांनी घरून पणती, काचेचा पेला आणि बायकोची लोणच्याची रिकामी काचेची बरणी आणली होती. शुलामिथबाईंनी बजावले होते, "बरणीला तडा गेला तर साहेबाचा शेरा भिजवून खा!"

प्रयोग मुलांना मुखोद्गत झाला होता. अडचण एकच होती. पणतीवर पेला पालथा घातला, ज्योत बारीक होऊन गेली, की मास्तर विचारीत, "काय झाले?" सगळी मुले ओरडत, "दिवा विझला!" मालू मात्र म्हणे, "दिवा मोठा झाला."

मालू ही बळीराम तांडेलाची मुलगी. बळीराम मिठाचा मचवा घेऊन मोऱ्याच्या बंदराहून पुढे दर्यात गेला होता. मालूची आजी गंगाबाई हिची सक्त ताकीद होती, की घरचा माणूस पाण्यावर असता 'दिवा विझला' हे शब्द जिभेवर आणू नयेत. जुनी माणसे दिवा मालवतानाही 'मोठा केला' असेच म्हणतात. अशुभ शब्द चांगल्या शब्दाने झाकावा, ही आपल्याकडची रीत.

मास्तरांनी तपासणीच्या आदल्या दिवशी तिला जवळ घेऊन समजाविले, "मालू, ही शाळा आहे. उद्या साहेबांपुढे एकदाच म्हण."

मालूने खाली बघत मान हलविली. "माजा बापूस दर्यावर हाय, गुरुजी. मी नाय बोलाची."

"बरे, मग गप्प राहा."

"गप राह्यन," ती म्हणाली. मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

डिपोटी महाजनी साहेब घाटावरचे, कडक, स्वच्छ धोतराचे गृहस्थ होते. विज्ञानाचे नवे कपाट आले होते, त्याची पूजा गावकऱ्यांनी मांडली होती. साहेबांना ती फारशी रुचली नाही, परंतु गावाचा मान मोडवेना म्हणून ते म्हणाले, "चला, नारळ वाढवू या लवकर." नारळ वाढविला, खोबरे वाटले गेले आणि धडा सुरू झाला.

पणती पेटली. पेला पालथा पडला. ज्योत पिवळी, मग निळसर, मग नुसता धूर. साहेबांनी वर्गावरून नजर फिरविली, आणि दैवाची चेष्टा पाहा, त्यांचे बोट थेट मालूकडे वळले.

"तू सांग मुली. काय झाले?"

मालू उभी राहिली. गप्प राहण्याचे वचन तिने पाळले असते, पण साहेब पुन्हा गरजले, "तोंड नाही का?" तेव्हा ती घाबरून म्हणाली, "आतली हवा सरली. मंग दिवा मोठा झाला."

"मोठा झाला?" साहेब मास्तरांकडे वळले. "हे शिकवता तुम्ही?"

मास्तरांनी कारण सांगितले. साहेबांचा चेहरा अधिकच कठोर झाला. "म्हणजे अंधश्रद्धा! अहो, याच वेडापायी देश मागे राहिला. विज्ञानाच्या तासाला तरी ती नको. मुली, म्हण, दिवा विझला."

मालूचे ओठ घट्ट मिटले. डोळे पाण्याने भरून आले.

"मास्तर, तुम्ही सांगा तिला."

तो क्षण जोसेफ मास्तरांच्या आयुष्यात तराजूच्या काट्यासारखा उभा राहिला. एक शब्द म्हणवून घेतला की ट्रेनिंग, पक्की नोकरी, घरात सुख. त्यांना एकाएकी आपल्या यहुदी घरचा शुक्रवारचा, शब्बाथचा दिवा आठवला. शुलामिथबाई तो लावतात, परंतु फुंकर कोणी घालीत नाही. तेल संपेल तेव्हा तो आपला आपण जातो. त्यांच्या लहानपणी कोणी म्हटले असते, की फुंकर मार नाहीतर नापास, तर त्यांनी काय केले असते?

"साहेब," ते म्हणाले, "तिने कारण बरोबर सांगितले आहे. शब्द तिच्या घरचा आहे. बाप पाण्यावर असताना मी तो तिच्या तोंडून काढणार नाही. शेरा काय तो माझ्यावर लिहावा."

तेवढ्यात मागच्या बाकावरून भगवान नावाचे एक वात्रट पोर बोलले, "साहेब, मघाशी तुमी नारल वाढिवला. तो कुठं वाढला? फुटला ना?"

दाराशी उभे असलेले गावकरी फिसकन हसले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आता संपलेच म्हणून. साहेबांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा अजून होता. त्यांनी त्याकडे पाहिले.

"हं," ते म्हणाले. "शब्दाचे राहू दे. समजले आहे का, एवढे पाहू. मुली, हाच दिवा जास्त वेळ ठेवायचा तर काय करशील?"

मालूने नाक पुसले. पणती पुन्हा पेटविली आणि पेला बाजूस सारून लोणच्याची बरणी तिच्यावर पालथी घातली. "ही मोठी हाय. हिच्यात हवा जास्ती."

ज्योत खरोखरच पुष्कळ वेळ टिकली. मग ती बारीक होऊ लागली. सगळा वर्ग माना पुढे काढून बसला. निळा ठिपका उरला, न उरला, तोच मालूने बरणीची कड अलगद उचलली. ज्योत थरथरली, वाकली आणि पुन्हा ताठ उभी राहिली.

"का उचललीस?" साहेबांनी विचारले.

"हवा दिली. आता काय झाला त्ये बोलाचंच नाय लागत."

साहेब मोठ्याने हसले. असे हसू त्या चेहऱ्यात असेल यावर कोणाचा विश्वास बसला नसता. निघताना ते मास्तरांना म्हणाले, "ट्रेनिंगला यंदा तुमचे नाव घालतो. पण परीक्षेत 'विझतो' असेच लिहावे लागेल हो. लिहील ना ही?"

मालूनेच उत्तर दिले, "लिवन की. लिवताना तोंडातून कुठं निघतंय?"

उंबऱ्याशी पोहोचल्यावर साहेब वळले. टेबलावर पणती तशीच जळत होती. "मास्तर, जाता जाता तो दिवा तेवढा..." ते बोलता बोलता थांबले. त्यांनी मालूकडे पाहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तुमचे तुम्ही पाहा काय ते."

मुले घरी पळाली. जोसेफ मास्तरांनी बरणी पुसून पिशवीत घातली. तडा गेला नव्हता. पणती त्यांनी वारा लागणार नाही अशा कोनाड्यात, खाडीकडच्या बाजूस ठेवली, आणि तिच्यातले तेल संपेपर्यंत ते बाकावर बसून राहिले.