श्वास घेतेय की नाही

हेमलता देवधर यांनी बत्तीस वर्षं दिल्लीतल्या एका मंत्रालयात इंग्रजी मसुदे लिहिले. त्यांत कुणाला चूक सापडत नसे. पण बोललेलं इंग्रजी त्यांना कळत नसे, आणि हे नोएडाच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात ग्लासगोला त्यांच्या मुलीला, रुचिताला, बसने उडवलं. व्हिसाला तीन आठवडे लागणार होते. नवऱ्याला, सूर्यकांतांना, श्रवणयंत्र लावूनही फोनवरचं ऐकू येत नसे. त्यामुळे रोज दुपारी चारला हॉस्पिटलमधल्या नर्सचा येणारा फोन हेमलताच घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी नर्स भराभर बोलली. ‘कॅन’, ‘ब्रीद’ तेवढं कळलं.

“काय म्हणाली?”

“स्वतःहून श्वास घेतेय.”

सूर्यकांत रडले. सगळ्या नातेवाइकांना कळवून झालं.

पाचव्या दिवशी डॉक्टर सावकाश बोलले. रुचिता अजून व्हेंटिलेटरवरच होती. नर्स ‘कॅन’ नव्हे, ‘कान्ट’ म्हणाली होती.

संध्याकाळी हेमलतांनी नवऱ्याला सांगून टाकलं. “अहो, मला त्यांचं बोलणं समजत नाही. कधीच समजलं नाही.”

“मग रोज यस, यस काय म्हणतेस?”

“लाज वाटते.”

ते उठून आत गेले. हेमलतांनी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. तिथली मृणाल इंग्रजी बोलायला शिकवायची. हेमलतांच्या मोबाइलवर रेकॉर्ड झालेला तिसऱ्या दिवशीचा फोन तिने ऐकला.

“काकू, कॅन ते गिळून टाकतात, जोर ब्रीदवर येतो. कान्ट असेल तर त्याच्यावरच जोर. आणि कळलं नाही तर यस बिल्कुल म्हणू नका. थांबवा त्यांना.”

हेमलतांनी ते एक वाक्य चाळीसदा ऐकलं. तिसाव्या वेळी फरक कळला, पुढच्या वेळी पुन्हा हरवला. त्या जेवल्या नाहीत. आपल्याच मुलीची खबर परक्याकडून समजून घ्यायची, याचा त्यांना संताप येत होता.

नवव्या दिवशी नर्सचं बोलणं त्यांनी मध्येच तोडलं. सावकाश सांगा, म्हणाल्या. नर्स पुन्हा बोलली. त्यांनी ते कागदावर लिहिलं, वाचून दाखवलं, एक शब्द दुरुस्त केला. मग तिसऱ्यांदा विचारलं.

फोन ठेवून त्या सूर्यकांतांसमोर बसल्या आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, “नळी काढली. स्वतः श्वास घेतेय. उजवा पाय वाचला नाही. काल कापला.”

“नक्की? नीट ऐकलंस?”

“नीट ऐकलं,” त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.