न वाजलेला आवाज

दवाखान्यात तिला सगळे ताई म्हणत. कान तपासायचं काम तिचं. मागच्या बाजूला एक बंद खोली, तिला जाड काच. आत पेशंट हेडफोन लावून बसायचा, बाहेरून ताई मशीनवरून बारीक आवाज सोडायची. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, इकडे दिवा लागायचा. इतकं साधं काम. पण या आठवड्यात तिचे दोन रिपोर्ट चुकले होते. "तिसरा चुकला तर मशीनला हात लावायचा नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

चुकणार नाही तर काय! सव्वीस दिवसांपूर्वी तो 'उद्या बोलू' म्हणाला आणि जो गायब झाला तो झालाच. भांडण नाही, तंटा नाही. दोन वर्षांचं प्रेम, आणि आता साधा मेसेजही नाही. तिची झोप उडाली, घास घशाखाली उतरेना. ड्रॉवरमधला मोबाईल सारखा थरथरल्याचा भास व्हायचा. उघडून बघावं तर काही नाही.

आज आत घंटामावशी बसल्या होत्या. शाळेत बत्तीस वर्षं घंटा वाजवून निवृत्त झालेल्या. ताईने आवाज सोडलाच नव्हता, तरी दिवा लागला. पुन्हा लागला. चौथ्यांदा लागला तेव्हा तिने माईक सुरू केला.

"मावशी, खरंच ऐकू येतंय का?"

"खरं सांगू? नाही गं. पण आला आणि माझ्याकडून सुटला तर? जन्मात एक घंटा चुकवली नाही मी. म्हणून आपलं दाबत राहते."

ताईला हसू आलं. हा रिपोर्ट असाच गेला असता, तर मावशींचे कान ठणठणीत ठरले असते आणि त्यांना श्रवणयंत्र मिळालं नसतं. पण आवाज सुटेल या धास्तीने वाट बघत राहायचं हे दुखणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"मावशी, वाट बघू नका. पाय जमिनीला टेकलेत ना? ते जाणवू द्या. श्वास येतोय, जातोय, तेवढ्याकडेच लक्ष द्या. आवाज यायचा तर येईल. नाही आला तर त्यात तुमची काही चूक नाही."

शेवटचं वाक्य बोलताना ती अडखळली. मावशींनी डोळे मिटले. ताईनेही पाय नीट टेकवले. ड्रॉवरमध्ये काहीतरी थरथरल्यासारखं वाटलं, पण तिने हात तिकडे नेला नाही. मिनिटभर तिने मशीनलाही हात लावला नाही. दिवा लागला नाही.

मावशींनी डोळे उघडले. "काहीच वाजलं नाही ना, पोरी?"

"नाही मावशी. काहीच वाजलं नाही."

सव्वीस दिवसांत हे ती पहिल्यांदाच तोंडाने बोलली. घाईघाईने माईक बंद केला आणि ओंजळीत तोंड लपवून ती रडली, अगदी मनसोक्त. काचेपलीकडे आवाज जायची सोयच नव्हती.

तरी दिवा लागला.

डोळे पुसत तिने माईक सुरू केला. "आता कशाला दाबलंत, मावशी? मी काहीच वाजवलं नव्हतं."

"ठाऊक आहे गं." मावशी काचेतून तिच्याकडेच बघत होत्या. "पण हे मला चुकवायचं नव्हतं. तू रडून घे आधी. मला कसली घाई नाही. मग आपण पहिल्यापासून करू."